पान अडतीसवरचे नातेवाईक

विहीणबाई कुठलाही कागद शेवटून वाचतात. पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. तिथली शिस्त अशी की पाकीट हातात आलं की आधी उलटं करायचं. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे असतो. तो नसेल तर पाकीट परत. निवृत्तीनंतर खिडकी गेली, सवय राहिली. वर्तमानपत्र त्या शेवटच्या पानापासून सुरू करतात, औषधाच्या पट्टीची मागची बाजू आधी बघतात, आणि घरी लग्नपत्रिका आली तर कोणाचं लग्न आहे याआधी ती कुठल्या छापखान्यात छापली हे त्यांना ठाऊक असतं.

त्या माझ्या कोण, हे एका वाक्यात सांगता येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या त्या सासू. म्हणजे माझ्या आईच्या विहीण. आई त्यांना विहीणबाई म्हणायची, म्हणून आम्ही म्हणायला लागलो, मग दूधवाला म्हणायला लागला, मग खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. बहीण सतरा वर्षांपूर्वी वारली. वर्षभरात तिच्या नवऱ्याने दुसरा संसार आणि दुसरा देश अशी दोन्ही कामं उरकली. तेव्हा विहीणबाई आईला भेटायला आठ दिवसांसाठी म्हणून आल्या. बहिणीच्या हयातीत या दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. आता त्या एका खोलीत राहू लागल्या आणि रोज दुपारी नेमाने भांडू लागल्या. आठ दिवस लांबत गेले. नऊ वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर महिन्याभराने विहीणबाईंनी माळ्यावरून आपली बॅग काढायला लावली, ती आतून-बाहेरून पुसली, आणि परत माळ्यावर ठेवायला लावली. कोणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत.

मला त्या 'भाऊ' म्हणतात. एरवी 'तुम्ही', रागावल्या की 'तू'. माझा बराचसा दिवस 'तू'मध्ये जातो.

आता जहाजाचं. बायकोने अठ्ठावीस वर्षं एका जहाज कंपनीच्या माल-कचेरीत टंकलेखन केलं. ही कचेरी समुद्रापासून रेल्वेने सात तासांवर होती. कुठलं जहाज कुठल्या बंदरातून कधी सुटलं हे तिच्या बोटांना पाठ, पण डोळ्यांनी तिने एकही पाहिलेलं नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. "जहाज द्यायला काय झालं होतं यांना?" असं ती घरी येऊन म्हणाली, आणि तो विनोद आहे असं मी पुढची सहा वर्षं समजत होतो. या वर्षी तिने दहा दिवसांच्या जलसफरीचं बुकिंग केलं, पहिला हप्ता भरला, आणि मग मला जेवताना सांगितलं. केबिन खिडकीवाली. बाल्कनीवाली नाही, कारण बाल्कनी आपल्या घरी आहे.

विहीणबाईंची सोय तिने आधीच लावली होती. दिवसभर एक बाई येणार, झोपायला खालची डॉक्टरीणबाई. विहीणबाई त्र्याऐंशीच्या आहेत आणि त्यांच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं आहे. "यंत्र आहे ना लक्ष द्यायला, मग माणसं कशाला?" असं म्हणून त्यांनी बाईला संमती दिली.

राहिला होता विमा. त्यासाठी आम्ही तिघं गेलो. विहीणबाईंना चष्म्याची काडी बदलायची होती आणि ते दुकान त्याच रस्त्यावर होतं.

विम्याची कचेरी गाद्यांच्या दुकानावर होती. जिन्याला नव्या रबराचा वास. वर एक खोली, काचेचं टेबल, काचेखाली शंभरेक लोकांची कार्डं, आणि टेबलावर प्लास्टिकचं जहाज, ज्याच्या धुराड्यांत पेनं खोचलेली. सल्लागार म्हणजे तिशीची चुणचुणीत मुलगी. दोन फोन, दोन्ही वाजत. तिने चार मिनिटांत मला काका केलं, बायकोला काकू, विहीणबाईंना आजी, आणि पाणी आणून दिलं.

"काका, पहिली गोष्ट, तुमचा घरचा आरोग्य विमा बोटीवर चालत नाही."

"का? समुद्रात आरोग्य नसतं?"

"बोटीवरचा डॉक्टर कुठल्याच यादीत नसतो. बिल तिथल्या तिथे भरायचं. आणि हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर हेलिकॉप्टर."

"त्याचं भाडं?"

तिने आकडा गणकयंत्रावर मांडून ते आमच्याकडे वळवलं. बायकोने आकडा दोनदा वाचला.

"यापेक्षा पोहून आलेलं परवडेल," ती म्हणाली.

मग पर्याय सुरू झाले. बोट कंपनीचा स्वतःचा विमा तिकिटासोबतच मिळतो, स्वस्त असतो, पण सहल रद्द झाली तर पैशांऐवजी पुढच्या सहलीत सवलत देतात. बाहेरचा विमा महाग, पण पैसे परत. बंदराला पोचायला उशीर होऊन बोट चुकली तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मिळतो, कारण बोट कोणासाठी थांबत नाही. वादळामुळे कप्तानाने एखादं बंदर वगळलं तर त्याची थोडी भरपाई. आणि पोट बिघडून डॉक्टरने केबिनमध्ये कोंडून ठेवलं, तर दर दिवसाला ठरावीक रक्कम.

"नुसतं पडून राहायचे पैसे?" विहीणबाईंनी डोकं वर केलं. "आमच्याकडे भाऊ हे काम फुकट करतात."

मुलगी हसली, मग कर्तव्य आठवून गंभीर झाली. "आणि आधीचे आजार लपवायचे नाहीत, काका. साखर, रक्तदाब, जे असेल ते. गोळी बदलली असेल तर तेही. लपवलं की पुढे सगळंच बाद."

"तुमची साखर लिहा," बायको मला म्हणाली. "सीमारेषेवर आहे असं लिहू नका. सीमा ओलांडून तुम्हाला चार वर्षं झाली."

मी साखर लिहिली.

पॉलिसीची चोपडी बेचाळीस पानांची होती. माझ्या हातात एक प्रत, विहीणबाईंच्या हातात एक. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. त्या धंद्यात माणूस चुका वाचतो, मजकूर वाचत नाही. पंधरा मिनिटांत मला दोन निसटलेल्या मात्रा आणि एक दोनदा छापलेली ओळ सापडली आणि मी समाधानाने चोपडी मिटली. विहीणबाई बेचाळिसाव्या पानापासून निघाल्या होत्या, त्या अडतिसाव्यावर थांबल्या. मग सतराव्यावर गेल्या. पुन्हा अडतिसाव्यावर आल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि ज्या आवाजात पूर्वी 'पत्ता अपुरा' म्हणायच्या त्या आवाजात वाचू लागल्या. "सहल सुरू होण्यापूर्वी विमाधारक, सहप्रवासी किंवा जवळचे नातेवाईक गंभीर आजारी पडल्यास सहल रद्द केल्याची भरपाई मिळेल. हे पान सतरा. आता पान अडतीस. जवळचे नातेवाईक म्हणजे पती, पत्नी, आई, वडील, सासू, सासरे, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातू, नात. इतर कोणीही नाही." त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "'इतर कोणीही नाही' जाड अक्षरात आहे."

"सासू आहे ना त्यात," मी म्हणालो.

"कोणाची?"

"म्हणजे... सासू."

"तुझ्या बहिणीची सासू," विहीणबाई म्हणाल्या. 'तू' झालं होतं.

सल्लागार मुलीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "एक मिनिट. आजी तुमच्या आई नाहीत?"

"नाहीत."

"काकूंच्या?"

"नाहीत."

"मग?"

मी एका जाहिरातीच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. हा मी, ही बहीण, हा तिचा नवरा, या त्याच्या आई. मुलगी आकृतीवरून बोट फिरवत गेली.

"यातले मधले दोघं?"

"एक वारली. एक परदेशात असतो, पत्ता कळवत नाही."

"म्हणजे तसं बघायला गेलं तर आजी तुमच्या..." आणि तिने उरलेलं वाक्य पाण्याबरोबर गिळलं. चांगली मुलगी होती.

एक फोन वाजला. तो तिने उलटा ठेवला आणि आवाज खाली आणला. "काका, आई लिहून टाकूया का? अर्ज करताना कोणी बघत नाही."

"आणि पैसे मागायची वेळ आली की?"

"तेव्हा कागद मागतात. पण ती वेळ येईलच असं कुठाय?"

मला हे पटलं. खरं सांगायचं तर पटलंसुद्धा नव्हतं, पण खोलीत जे काही झालं होतं ते एखाद्या शब्दाने बुजलं तर हवं होतं. मी धुराड्यातलं पेन उपसून 'आ' लिहिला. 'ई'पर्यंत पोचायच्या आत विहीणबाईंचा पंजा कागदावर पडला.

"खोड ते."

"विहीणबाई, एका शब्दाचा तर—"

"तुझ्या आईला मी ओळखत होते. जिवंत होती तोवर तिने मला तिच्या खुर्चीवर बसू दिलं नाही. आता जागा देईल होय?" मग मुलीकडे वळून, "बाळ, एकतीस वर्षं मी खोटा पत्ता घेतला नाही. आता माझ्या अंगावर चिकटवून घेऊ?"

मी 'आ' खोडला. दोन रेघांनी, धंद्यातल्या पद्धतीने.

मुलीने मग शेवटचा पर्याय सांगितला. त्याला त्यांच्यात 'कोणत्याही कारणाने रद्द' म्हणतात. आजारी कोण, नातं काय, काही विचारत नाहीत. न जाण्याची लहर आली हेही कारण चालतं. फक्त हप्ता जवळजवळ दीडपट, पैसे पूर्ण नाही, पाऊण मिळतात, बोट सुटण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत कळवावं लागतं, आणि हा पर्याय बुकिंगचा पहिला हप्ता भरल्यापासून चौदा दिवसांतच घेता येतो.

"तुम्ही कधी भरलात?"

"दहा दिवस झाले," बायको म्हणाली. तिने पर्सची साखळी ओढली. "विचार करून कळवतो."

आमच्या घरात याचा अर्थ नाही असा होतो. आम्ही जिना उतरलो. गाद्यांच्या दुकानदाराने आम्हाला एका गादीवर बसून बघायचा आग्रह केला, आणि विहीणबाई चक्क बसल्या. दोन मिनिटं बसून राहिल्या. मग उठल्या आणि "बरी आहे" म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्या कामापुरतं बोलल्या. वर्तमानपत्र हातात धरून बसायच्या, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. मला वाटलं, दुखावल्या. यादी मोठ्याने वाचण्याची हौस त्यांचीच, पण हे बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने मला ओट्यापाशी बोलावलं आणि मिक्सर सुरू केला. तिला गुप्त बोलायचं असलं की ती मिक्सर सुरू करते. मिक्सरमध्ये काही नव्हतं.

"रद्द करू या," ती म्हणाली.

"काय?"

"बोट! आता हप्ताच बुडेल, तो बुडू दे."

"अगं, सहा वर्षं तू—"

"माहीत आहे मला किती वर्षं ते. तुम्ही काही पाहिलंत का? सकाळी त्या न्हाणीघरात नळ पूर्ण सोडून खोकत होत्या."

"बरं मग?"

"बरं मग काय! खोकला झाला की त्या आपल्याला दहा वेळा ऐकवतात. डॉक्टरला नावं ठेवतात. काल मात्र जिना चढताना मध्ये थांबल्या, मी विचारलं तर म्हणाल्या, चप्पल नीट करत होते. त्या आजारपण लपवताहेत, अहो. त्यांना काही झालं तर आपण जाणार नाही, आणि ते पैसे त्यांच्या नावावर बुडतील, हे त्यांनी पानावर वाचलंय. बोट सुटेपर्यंत अजून अडीच महिने आहेत. अडीच महिने त्या छातीत काही झालं तरी सांगणार नाहीत."

मिक्सर नुसताच घरघरत होता. मी तो बंद केला. बाहेरच्या खोलीत विहीणबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा, श्वास रोखून धरलेल्या माणसाचा असतो तसा होता. खोकला दाबत होत्या की आमचं ऐकत होत्या, देव जाणे.

"संध्याकाळी फोन करून रद्द करते," बायको हळूच म्हणाली. तिने ते इतक्या सहज म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना.

अकरा वाजता मी चहा विचारायला गेलो तर खुर्ची रिकामी. छत्री नाही, पर्स नाही, पायातली जाड चप्पल नाही. दातांच्या डॉक्टरने खिडकीतून ओरडून सांगितलं की विहीणबाई टॅक्सीत बसून गेल्या, आणि त्यांनी ड्रायव्हरला आधी मागच्या चाकातली हवा बघायला लावली. त्यापलीकडे त्याला माहिती नव्हती. पुढचे दोन तास आम्ही नवरा-बायको एकमेकांवर ज्या काही गोष्टींचा दोष टाकत होतो, त्यांची यादी केली तर बेचाळीस पानं भरतील.

एक वाजता त्या आल्या. जिना चढून आल्यामुळे धापा टाकत होत्या, आणि आज चप्पल वगैरे काही नीट केली नाही, सरळ पायरीवर बसून धापा टाकल्या. मग आत येऊन जेवणाच्या टेबलावर एक लांब पाकीट ठेवलं.

"सह्या करा. दोघांनी. जिथे पेन्सिलीची फुली आहे तिथे."

मी पाकीट उघडलं. 'कोणत्याही कारणाने रद्द'चा अर्ज, भरलेला, टपोऱ्या सरळ अक्षरात. सोबत विम्याच्या हप्त्याची पावती. पैसे भरणाऱ्याच्या जागी विहीणबाईंचं नाव.

"आज तेरावा दिवस आहे," त्या म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी पाचला खिडकी बंद."

"अहो पण तुमचे पैसे का?" बायको म्हणाली.

"पेन्शन माझी, टॅक्सी माझी. ती मुलगी म्हणत होती, तिसऱ्याने पैसे भरणं नियमात बसत नाही. मी म्हटलं, पान दाखव. तिला सापडलं नाही. मला सापडलं, पण मी तिला सांगितलं नाही, कारण त्यात चालतं असं लिहिलंय आणि तिचा अभ्यास व्हायला हवा."

"विहीणबाई, हे सगळं कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? नातेवाईकांत मी बसत नाही. 'कोणतंही कारण' यात बसते." त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला. "कारण लिहावं लागत नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं."

बायको समोरच्या खुर्चीवर बसली. "म्हणजे आता नळ न सोडता खोकणार?"

विहीणबाईंनी रिकामा पेला उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "कसला नळ?" आणि लगेच, "हो. आता उघड खोकणार. पैसे भरलेत."

"उद्या डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ. मूर्ख आहे तो, पण जाऊ."

मी पेन शोधायला उठलो होतो. बायको मात्र अर्जाकडे बघत होती. अठ्ठावीस वर्षं तिने जहाजांचे कागद हाताळलेत. तिने पानं उलटली.

"हे बोट सुटेपर्यंतच आहे."

"पान बावीस," विहीणबाई म्हणाल्या.

"आणि आम्ही बोटीवर चढल्यावर तुम्हाला काही झालं तर?"

"तर पुन्हा पान अडतीस. एक छदाम मिळणार नाही. म्हणून तेव्हा परत यायचं नाही. फोन आला तरी यायचं नाही. तेवढं मला दोघांनी कबूल करा, म्हणजे झालं."

"नाही करणार," बायको म्हणाली.

"अगं, समजून घे—"

"पुढच्या बंदरावर उतरू आणि येऊ."

"राहिलेल्या दिवसांचे पैसे जातील."

"जाऊ देत."

"परतीचं तिकीट वेगळं काढावं लागेल. तेही अंगावर."

"काढू."

"आणि हेलिकॉप्टर?"

"पुढचं बंदर म्हटलं मी," बायको म्हणाली. "तुमच्यासाठी हेलिकॉप्टर नाही मागवणार कोणी."

विहीणबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, नवी काडी उगाचच उघडून मिटून पाहिली. बराच वेळ त्यांना काडीचंच काम होतं. मी पेन सापडूनही शोधत राहिलो.

"बोटीचं वेळापत्रक आहे का घरात?" त्यांनी शेवटी विचारलं.

बायकोने कपाटातून काढून दिलं. विहीणबाईंनी पेन्सिल घेतली आणि दहाव्या दिवसापासून वर चढायला सुरुवात केली.

"दहाव्याला तुम्ही येताच आहात. नववा, आठवा, नुसतं पाणी. तेव्हा मला काही होऊन उपयोग नाही. सातव्याला बंदर आहे, पण सकाळी आठ ते दुपारी दोन. म्हणजे मला सहाव्याच्या संध्याकाळी..." त्यांनी बारीक खूण केली. "नाही, घाई होईल तुमची. पाचवा बरा. पाचव्याला बोट दिवसभर उभी आहे."

बायको वाकून बघत होती. "पाचवा नको. पाचव्याला दीपगृह बघायला जायचंय."

"मग चौथा."

"चौथ्याला बंदरच नाही."

"तिसरा?"

"तिसऱ्याला जेमतेम पहिल्या बंदराला पोचतोय आम्ही. अंघोळसुद्धा झाली नसेल यांची."

"म्हणजे एकही दिवस सोयीचा नाही म्हण की."

"नाहीच," बायको म्हणाली. "तेच सांगतेय मी मघापासून."

विहीणबाईंनी पेन्सिल ठेवली. वेळापत्रकाकडे, त्यातल्या एका खुणेकडे, काही वेळ बघितलं आणि मग ती खूण बोटाने घासून पुसून टाकली.

"दीपगृहाला पायऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे अकरा."

"भाऊ चढणार?"

"खाली बसून राहतील."

"मग काही काळजी नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिली फुली कुठे आहे ते मला बोटाने दाखवलं.